वाटाड्याचे नाव काय?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो. पूर्वी तो युरोपाविषयी असे, हल्ली तो आफ्रिकेविषयी असतो. मसाई माराला जायचे आहे किंवा किलिमांजारो चढायचा आहे, तर निघण्यापूर्वी काय वाचावे? विचारणारे बहुधा साहित्याचे विद्यार्थी नाहीतर शिक्षक असतात, त्यामुळे 'काहीही वाचू नका, डोळे उघडे ठेवा' हे उत्तर त्यांना चालत नाही. आम्हांलाही चालत नाही. ह्या प्रश्नाचे एक रूढ उत्तर मात्र तयार असते. एक पुस्तक माहितीसाठी घ्यावे आणि एक मजेसाठी. माहितीसाठी एखादे ताजे गाईडबुक, मजेसाठी एखादी साहसकथा: रायडर हॅगार्डचे 'किंग सॉलोमन्स माइन्स', पॅटर्सनचे 'द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो', फार तर हेमिंग्वे किंवा कॅरेन ब्लिक्सन.

ह्या उत्तराला आमचा विरोध आहे. माहिती एका खिशात आणि मजा दुसऱ्या खिशात ही वाटणीच आम्हांला खोटी वाटते. गाईडबुक आणि साहसकथा ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. दोघांचाही आधार एकच समजूत आहे, ती अशी की तिथे जाणारा वाचक हाच प्रवासातला मुख्य माणूस आणि तिथे राहणारे लोक म्हणजे वाटेची सोय किंवा गैरसोय. साहसकथेत ही समजूत भरजरी वेषात येते, गाईडबुकात ती कामाच्या कपड्यांत येते, एवढाच फरक.

म्हणून पुस्तक निवडण्याची आमची कसोटी वेगळी आहे. पुस्तक हाती घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. वाट दाखवणाऱ्या माणसाला ह्या पुस्तकात नाव आहे काय? तो काही बोलतो काय? आणि त्याला मजुरी किती मिळाली, मिळाली की नाही, हे लेखक सांगतो काय? नाव, भाषा आणि मजुरी ह्या तीन खुंट्यांवर आफ्रिकेविषयीचे अर्धेअधिक प्रवासवाङ्मय टांगून पाहता येते.

आधी मजेच्या पुस्तकांकडे वळू. ह्या वर्गातील सर्वांत लोकप्रिय पुस्तकाचा लेखक आफ्रिकेत कधी गेलाच नव्हता. एडगर राइस बरोजचा टारझन १९१२ साली प्रथम मासिकात आला. त्यात आफ्रिकेच्या जंगलात चक्क वाघ होता. वाचकांनी कान धरल्यावर १९१४ च्या पुस्तकात त्याची सिंहीण झाली. ही गंमत सर्वजण सांगतात, पण तिचा अर्थ पुढे कोणी नेत नाही. प्राणी चुकला तेव्हा वाचकांनी तक्रार केली. त्याच पुस्तकातील काळी माणसे ज्या पद्धतीने रंगवली आहेत तिच्याविषयी त्या वाचकांची तक्रार ऐकिवात नाही. साहसकथेच्या वाचकाला प्राणिशास्त्र अचूक हवे असते, माणसांच्या बाबतीत तो उदार असतो.

हॅगार्ड आणि बरोज यांना कल्पनेचे लेखक म्हणून सोडून देऊ. ज्यांनी 'मी तिथे गेलो, मी पाहिले' असे लिहिले त्यांचे काय? इथे आम्हांला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. त्याच्या नावातच मुंबई आहे.

सिदी मुबारक बॉम्बे हा याओ जमातीत, सुमारे १८२० साली जन्मलेला. लहानपणी तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला, झांझिबारच्या बाजारात विकला गेला आणि हिंदुस्थानात आणला गेला. मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन तो आफ्रिकेत परतला आणि झांझिबारच्या सुलतानाच्या फौजेत लागला. १८५७ साली रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक यांनी त्याला आपल्या मोहिमेत घेतले. पुढील वर्षी टांगानिका सरोवर आणि ज्याला व्हिक्टोरिया हे नाव देण्यात आले ते सरोवर, अशा दोन्हींचा 'शोध' लागला. मागाहून तो स्पीक आणि ग्रँट यांच्याबरोबर नाईलच्या उगमाकडे गेला, १८७१ मध्ये लिव्हिंगस्टनच्या शोधात निघालेल्या स्टॅनलीबरोबर गेला आणि १८७३ ते १८७५ ह्या काळात कॅमेरनबरोबर पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सारा खंड चालून गेला. ज्यांच्या नावांचे धडे जगभरच्या शाळांत शिकवले गेले त्या प्रवाशांपैकी कोणाएकाने एवढी वाट तुडवली असेल असे आम्हांला वाटत नाही.

आता भाषेचा मुद्दा. स्पीकला अरबी येत नव्हती, स्वाहिलीही येत नव्हती. तो बॉम्बेशी बोले तो हिंदुस्थानीत. ती तो हिंदुस्थानच्या फौजेत शिकला होता आणि बॉम्बे गुलामगिरीत. म्हणजे 'अंधाऱ्या खंडा'त सरोवराच्या पलीकडे काय आहे, कोणता राजा कोणाचा वैरी आहे, पुढच्या मुक्कामी पाणी आहे की नाही, ही सारी माहिती इंग्रजीत येण्यापूर्वी आपल्याला कळेल अशा बोलीतून गेली. इंग्रजी ग्रंथाच्या पाठीमागे हा संवाद दडलेला आहे. तो ऐकण्याची सोय आपल्या कानांना जन्मतःच आहे, आणि तरीही आपण लंडनच्या कानांनी ते पुस्तक वाचतो.

मजुरीचा मुद्दा तर अधिकच बोलका आहे. बर्टनची मोहीम संपल्यावर बरोबरच्या कित्येक माणसांना कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत, अशी तक्रार झांझिबारचा ब्रिटिश कॉन्सल रिग्बी याने १८५९ मध्ये मुंबई सरकारकडे केली. ती माणसे नीट वागली नाहीत, सबब ती बक्षिसास पात्र नव्हती, असा बर्टनचा बचाव होता. ह्या प्रकरणाचा पत्रव्यवहार बर्टनने स्वतःच आपल्या 'द लेक रीजन्स ऑफ सेंट्रल आफ्रिका' (१८६०) ह्या ग्रंथाच्या पुरवणीत छापला आहे. साहसाची गोष्ट पुढे ठळक टायपात आणि हमालांच्या थकलेल्या मजुरीचा हिशेब मागे पुरवणीत, ही मांडणीच पुष्कळ काही सांगून जाते. पुरवणीपर्यंत वाचणारा विद्यार्थी आम्हांला हवा आहे.

दुसरे उदाहरण आपल्या आणखी जवळचे आहे. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की चर्च मिशनरी सोसायटीच्या ह्याच शरणपुरात समुद्रावर सोडवलेल्या आफ्रिकन गुलाम मुलांसाठी आश्रम होता? तिथे शिकलेली मुले मिशनच्या कागदपत्रांत 'नासिक बॉइज' म्हणून ओळखली जातात. त्यांपैकी काही १८६६ साली लिव्हिंगस्टनबरोबर गेली, काही १८७२ मध्ये त्याला रसद पोचवण्यासाठी गेली. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले, देह मिठाने आणि उन्हाने वाळवला आणि तो हजार मैलांहून अधिक अंतर वाहून बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. झाडावर लेख कोरणारा आणि अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला. तो पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. त्याने त्या प्रवासाची दैनंदिनीही लिहिली आहे. सुसी आणि चुमा ह्या दोघांच्या साक्षीवाचून लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशा छापण्याजोग्या झाल्या नसत्या. तरी आपल्या मनात ठसलेले चित्र कोणते? उजिजीत हॅट उचलून अभिवादन करणारा स्टॅनली. प्रेत खांद्यावर घेऊन चाललेल्या माणसांचे चित्र साहसकथेच्या मुखपृष्ठावर येत नाही.

तिसरे उदाहरण पॅटर्सनचे. हे पुस्तक आपल्याकडे मोठ्या आवडीने वाचले जाते आणि सफारीला निघालेल्या माणसाच्या हाती तेच प्रथम दिले जाते. १८९८ मध्ये त्सावो नदीवर युगांडा रेल्वेचा पूल बांधत असताना दोन सिंहांनी मजुरांचा बळी घेतला आणि पॅटर्सनने त्या दोघांना मारले, ही कथा. मरणारे मजूर हिंदुस्थानी होते. पॅटर्सनने २८ हिंदी मजुरांचा आकडा दिला आहे. आता त्याच रेल्वेचा दुसरा आकडा पाहावा. तिच्या बांधणीसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले गेले आणि त्यांपैकी सुमारे २,५०० तिथेच मेले. सिंहांनी खाल्ले २८, रुळांनी खाल्ले अडीच हजार. साहसकथा कोणत्या भक्षकावर लिहिली गेली हे सांगायला नको. आणि आपण, ज्यांचे देशबांधव त्या तंबूंत झोपले होते, पुस्तक वाचताना तंबूत नसतो. आपण माचाणावर, बंदुकीच्या पाठीमागे, पॅटर्सनच्या शेजारी बसलेले असतो. वाचनाने माणसाला त्याच्या स्वतःच्या जागेवरून असे अलगद उठवून दुसरीकडे बसवता येते, हेच साहसकथेचे सामर्थ्य आणि हाच तिचा धोका.

गंमत अशी की पॅटर्सनचे पुस्तक त्याच्या कीर्तीपेक्षा प्रामाणिक आहे. मजुरांनी आगगाडीपुढे रुळांवर आडवे पडून ती थांबवली आणि शेकड्यांनी निघून गेले, हे तो सांगतो. आपल्याला ठार मारण्याचा मजुरांचा कट झाला होता हेही तो सांगतो. झेलम जिल्ह्यातील रोशन नावाच्या मिस्त्रीने सिंहांच्या वधावर रचलेल्या हिंदुस्थानी काव्याचे भाषांतरही त्याने पुस्तकात दिले आहे. म्हणजे त्सावोच्या तंबूत एक कवी होता, त्याचे नाव आपल्याला माहीत आहे, त्याचा जिल्हा माहीत आहे. पण ह्या पुस्तकावरून निघालेले चित्रपट आपण पाहिले आणि सिंह लक्षात ठेवले. रोशन मिस्त्रीला विसरण्याचा गुन्हा पॅटर्सनने केलेला नाही, तो आपण केलेला आहे.

हेमिंग्वे आणि ब्लिक्सन यांच्याविषयी थोडक्यात. 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका' (१९३५) मध्ये बंदूक वाहणारा म्'कोला नावाने येतो आणि लक्षात राहतो. पण माग काढणाऱ्यांना लेखक आपल्या लहरीने टोपणनावे देतो, एकाला तर एका इंग्रज नटाचे. नाव देणे आणि नाव विचारणे ह्यांतला फरक शिकवण्यासाठी ह्याहून चांगला पाठ नाही. 'आउट ऑफ आफ्रिका' (१९३७) मध्ये माणसांना नावे आहेत, ती बोलतातही, आणि गद्य तर सुंदरच आहे. पण ज्या जमिनीवर ती माणसे 'राहू दिली' गेली ती जमीन कोणाची, हा प्रश्न त्या सुंदर गद्यात विरघळून जातो. न्गुगी वा थिओंगो यांनी ह्या पुस्तकावर जो कठोर लेख लिहिला तो 'मूव्हिंग द सेंटर' (१९९३) ह्या संग्रहात आहे. ब्लिक्सन वाचणाऱ्याने तो टाळू नये.

आता माहितीचा खिसा. गाईडबुकांचा आम्ही द्वेष करत नाही. त्यांची गरज आम्हांलाही लागते. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो, पूर्वी दहा वर्षे चालणारा हा दाखला २०१६ पासून आजन्म चालतो, केनियाने २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना सुरू केला, असल्या गोष्टी कादंबरी सांगत नाही. ह्याच उदाहरणांवरून हेही दिसते की जुने गाईडबुक ह्या कामालाही निरुपयोगी असते. तेव्हा प्रकाशनवर्ष पाहावे आणि परराष्ट्र कचेरीच्या सूचनांशी ताडून घ्यावे. एवढ्या कामापुरते गाईडबुक हे रेल्वेच्या वेळापत्रकासारखे सोज्वळ आहे.

तक्रार पुढची आहे. लंडनच्या जॉन मरेने १८३६ मध्ये आपल्या हँडबुकांची माला सुरू केली तेव्हापासून ह्या प्रकाराची भाषा आज्ञार्थी आहे: पाहावे, जावे, टाळावे, घासाघीस करावी. १९७० च्या दशकात स्वस्तातल्या प्रवासाची पुस्तके निघाली. त्यांनी साहेबी हॉटेले काढून टाकली आणि धर्मशाळा आणल्या, पण क्रियापद तेच ठेवले. ह्या भाषेत स्थानिक माणूस येतो तो तीन ठिकाणी: 'लोक व संस्कृती' ह्या रंगीत चौकटीत, 'धोके व त्रास' ह्या प्रकरणात आणि बक्षिसीच्या परिच्छेदात. मसाई मारात प्रवासी ज्या माणसाबरोबर दिवसाचे आठ-दहा तास घालवतो तो चालक-मार्गदर्शक पुस्तकात बक्षिसीपुरता उरतो. केनियात सफारी-मार्गदर्शकांची व्यावसायिक संघटना १९९६ पासून आहे, ती ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा चढत्या परीक्षा घेते, हे किती प्रवाशांना ठाऊक असते? शेजारी बसलेला माणूस आपल्यासारखाच परीक्षा देऊन आलेला आहे एवढे जरी कळले, तरी संभाषणाचा सूर बदलेल.

आणि ते 'मसाई' तिथे कसे आले? १९११ च्या कराराने त्यांना लाइकिपियासारख्या उत्तरेच्या कुरणांवरून दक्षिणेला हलवले गेले. १९१३ मध्ये त्यांनी वसाहतीच्या सरकारविरुद्ध न्यायालयात दावा लावला. करार म्हणजे दोन सत्तांमधला तह, तो न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असे सांगून तो फेटाळला गेला. रंगीत चौकटीत लाल शाल आणि उंच उड्या येतात, दावा येत नाही. दावा लावणाऱ्या माणसाचा फोटो काढण्यापूर्वी पर्यटक क्षणभर थांबेल, म्हणून तर येत नसेल?

किलिमांजारोचेही तसेच. १८८९ ची पहिली चढाई हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर ह्या दोन नावांनी नोंदली गेली. शंभर वर्षांनी, १९८९ च्या शताब्दीच्या वेळी, योहानी किन्याला लाउवो ह्या चग्गा वाटाड्याचे नाव सन्मानाने पुढे आले. तो शिखरापर्यंत गेला होता की नाही, ह्यावर वाद आहे. आमचे म्हणणे एवढेच, की असा वाद उद्भवतो तोच मुळी नोंद कोणी ठेवली आणि कोणाची ठेवली ह्यातून. आजही एकेका गिर्यारोहकामागे अनेक माणसे ओझी वाहतात. त्यांच्या ओझ्याला २० किलोंची मर्यादा आहे. ती पाळली जाते काय हे विचारणे, हा शिखरावरच्या छायाचित्राइतकाच त्या चढाईचा भाग आहे.

आमच्यावर तीन आक्षेप येतील. पहिला: माणूस चार दिवस विरंगुळ्याला जातो, तिथेही तुम्ही नीतिपाठ देणार काय? उत्तर असे, की आम्ही मजा कमी करा असे म्हणत नाही. नाशिकच्या मुलांची वाटचाल, बॉम्बेची खंडयात्रा, रुळांवर आडवे पडलेले मजूर, ह्यांहून थरारक हॅगार्डकडे काय आहे? दुसरा आक्षेप: जुन्या पुस्तकांना आजच्या मापाने मोजणे अन्याय्य आहे. पण आम्ही वर दिलेला पुरावा बराचसा त्या जुन्या पुस्तकांतलाच आहे. बॉम्बेची जीवनकथा स्पीकनेच लिहिली, मजुरीचा वाद बर्टनने छापला, रोशनचे काव्य पॅटर्सनने जपले. माप त्या काळातही उपलब्ध होते.

तिसरा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो. तुम्ही हिंदी वाचक स्वतःला हमालांच्या ओळीत मोठ्या सोयीने उभे करता, पण त्या ओळीपुढे वह्या घेऊन बसलेले हिंदी सावकारही होतेच की. हे खरे आहे. झांझिबारच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी ह्या कच्छी पेढीकडे होता. हस्तिदंतासाठी आणि गुलामांसाठी आत जाणाऱ्या काफिल्यांना हिंदी भांडवल पुरवले जाई. स्वाहिलीत 'दुका', 'बिमा', 'लाकी' असे आपल्या ओळखीचे शब्द सापडतात म्हणून आपण हरखतो. दुकान, विमा आणि लाख, हे व्यापाऱ्याचे शब्द आहेत हेही लक्षात ठेवावे. आपले तिथले नाते निर्मळ नाही, आणि म्हणूनच ते वाचनात यायला हवे.

मग काय न्यावे? गाईडबुक न्यावेच, वर सांगितलेल्या कामापुरते. त्याच्याबरोबर अब्दुलरझाक गुर्ना यांची 'पॅराडाइझ' (१९९४) न्यावी. गुर्ना यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले हे तिचे मुख्य कारण नव्हे. बापाच्या कर्जापायी सावकाराच्या हवाली झालेला युसुफ व्यापारी काफिल्याबरोबर आत जातो, आणि तीच वाट, तेच ओझे, तेच सरोवर आपण प्रथमच हॅटखालून न पाहता पाहतो. पेटिना गप्पा यांची 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट' (२०१९) न्यावी. लिव्हिंगस्टनच्या पार्थिवाची ती यात्रा तिच्यात हलिमा ही स्वयंपाकीण आणि जेकब वेनराइट सांगतात. केनियासाठी न्गुगींची 'अ ग्रेन ऑफ व्हीट' (१९६७) आणि एम. जी. वासनजी यांची 'द इन-बिट्वीन वर्ल्ड ऑफ विक्रम लाल' (२००३) न्यावी. हिंदी वंशाच्या माणसाचे तिथले मधलेपण वासनजींइतके दुसऱ्या कोणी क्वचितच उलगडले असेल. विमानात वाचण्यासाठी बिन्यावांगा वाइनाइना यांचा 'हाउ टू राइट अबाउट आफ्रिका' (२००५) हा लहानसा उपरोधिक लेख पुरे. परतल्यावर प्रवासवर्णन लिहिण्याची खुमखुमी असलेल्यांनी तर तो दोनदा वाचावा. पॅटर्सन, बर्टन, ब्लिक्सन यांनाही जागा आहे. पण ती ह्या पुस्तकांच्या शेजारी, आणि पुरवणीसकट.

शिक्षकांसाठी एक शब्द. आपण इंग्रजीच्या वर्गात 'हार्ट ऑफ डार्कनेस' शिकवतो आणि त्याला जोडून चिनुआ अचेबे यांचे १९७५ चे व्याख्यानही शिकवतो. परीक्षेत 'अचेबे यांचा आक्षेप स्पष्ट करा' असा प्रश्न येतो, मुले तो स्पष्ट करतात, आणि सुटीत सफारीला जाताना माचाणावर जाऊन बसतात. वर्गातले वाचन वर्गातच राहते, ह्याचा आम्हांला सर्वांत अधिक राग आहे, आणि त्यात आमचाही दोष आहे. प्रवासाचे पुस्तक निवडणे ही आपल्या साहित्यशिक्षणाची खरी परीक्षा आहे, कारण तिथे गुण देणारे कोणी नसते.

मोम्बासाला गेलात तर केंगेलेनी नावाच्या चौकात एक जुनी घंटा दिसेल. 'केंगेले' म्हणजेच स्वाहिलीत घंटा. हा भाग फ्रियर टाउनचा. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने १८७० च्या दशकात वसलेली ही मुक्त गुलामांची वसाहत. तिच्या पहिल्या रहिवाशांत नाशिकहून आणि मुंबईहून परत गेलेली माणसे होती. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की ही घंटा वाजवत असत. समुद्रकिनाऱ्याच्या हॉटेलांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागण्यापूर्वी तिथे पाच मिनिटे थांबावे, आणि गाडी चालवणाऱ्या गृहस्थांना त्यांचे नाव, आधी विचारले नसेल तर, तिथे तरी विचारावे.

तूर्त एवढेच.